जर्मनीत २०२५ च्या निवडणुकीत एफडीपी पक्ष साफ झाला. मधल्या पक्षांचं पुढं काय होतं? आपल्याकडचं पण सांगा

जालन्याचा_हान्स

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबचा वाटेल पण माझ्या पोटापाण्याशी जोडलेलाय, म्हणून इथंच टाकतोय. मी जालन्याचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. राज्य सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला ना, तेव्हापासून जर्मन शिकतोय. ए-१, ए-२ झालं, आता बी-१ चालूय. रात्री जेवण झालं की डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या लावतो आणि मागून तेच तेच म्हणतो, आई म्हणते काय मंत्र म्हणून राहिला रे.

तर २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्या बातम्यांत एकच शब्द, आम्पेल आम्पेल. आमच्या पुस्तकात आम्पेल म्हणजे चौकातला सिग्नल. मी ऐकलं की आम्पेल तुटली, मला वाटलं ट्रक घुसला असंल कुठंतरी. मग दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला की लाल म्हणजे समाजवादी वळणाची एसपीडी, पिवळी म्हणजे एफडीपी आणि हिरवे ग्रीन, या तिघांच्या सरकारला तिकडं सिग्नल म्हणतात. ६ नोव्हेंबरला चान्सलर, म्हणजे तिकडचे पंतप्रधान, शोल्झनी पिवळ्यांच्या लिंडनरला अर्थमंत्रीपदावरून काढलं, सरकार गेलं, २३ फेब्रुवारीला निवडणूक झाली आणि एफडीपीला मिळाले ४.३ टक्के. तिकडं ५ टक्क्यांच्या खाली गेलं की दरवाजाच बंद, त्यामुळं संसदेत एक पण माणूस नाही. २०२१ ला याच पक्षाला साडेअकराच्या जवळ मतं होती, पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांमध्ये तर हा पक्ष ग्रीनच्या बरोबरीनं सगळ्यात पुढं होता म्हणे.

आता मला प्रश्न पडलाय की असा पक्ष परत उठतो का. ना पूर्ण डावा ना पूर्ण उजवा, धंद्याला मोकळीक द्या, माणसाला मोकळीक द्या, सरकारनं उगं प्रत्येक गोष्टीत हात घालू नये असं म्हणणारा. आणि दुसरं, आपल्याकडं असा पक्ष का टिकत नाही? वडलांना विचारलं तर ते म्हणाले मृदंग बघितला का, दोन्हीकडनं थाप पडते. त्यांनी तेवढ्यात विषय संपवला आणि पंपाची मोटर चालू करायला गेले.

---

तासिका_मास्तर (अंबाजोगाई)

राज्यशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे वेळ भरपूर आणि पगार विचारू नका. तुझ्या प्रश्नाला जरा लांब उत्तर देतो.

एफडीपी १९४८ ला हेपेनहाइमला निघाली. पहिले अध्यक्ष थिओडोर हॉइस, तेच पुढं १९४९ ला पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्रपती झाले, आणि तू जिथं चाललाय त्याच भागातले, ब्राकेनहाइम नावाच्या द्राक्षमळ्यांच्या गावचे. हा पक्ष कधीच मोठा नव्हता, पण तराजूचा काटा त्याच्या हातात असायचा. गेन्शर १९७४ पासून १९९२ पर्यंत परराष्ट्रमंत्री, आधी एसपीडीच्या श्मिटबरोबर, मग १९८२ ला पक्षानं कूस बदलली आणि उजवीकडच्या सीडीयूच्या कोलबरोबर. चान्सलर बदलला, गेन्शर तिथंच. आपल्याकडं असं कोणी केलं तर त्याला काय म्हणतात ते तुला ठाऊकाय, तिकडं लोकांनी त्याला राजकारणातला मुरब्बी म्हटलं.

आता उठण्याचं. एकदा उठलाय. २००९ ला १४.६ टक्के, त्यांचा सगळ्यात मोठा आकडा, कर कमी करतो म्हणून मतं घेतली, सत्तेत गेल्यावर ते काही नीट जमलं नाही आणि २०१३ ला ४.८ वर येऊन संसदेबाहेर. मग २०१७ ला १०.७ घेऊन परत. पण तेव्हा दोन गोष्टी होत्या. एक, लिंडनर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या विधिमंडळात गटनेता होता, म्हणजे दिल्ली गेली तरी मुंबईत माईक हातात होता. दुसरी, त्यावेळी लोकांना त्या चार वर्षांत वाटलं की अरे हा पक्ष नाहीये तर काहीतरी कमी वाटतंय. यावेळी दोन्हीचा पत्ता नाही. २ मार्चला हॅम्बुर्ग राज्याची निवडणूक झाली, तिथं २.३ टक्के.

आणि एक गंमत बघ. ज्या कर्जाच्या ब्रेकवरून सरकार पडलं, म्हणजे केंद्रानं दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा जास्त नवं कर्ज काढायचं नाही ही २००९ ची घटनेतली अट, ती अट १८ मार्चला सीडीयू, एसपीडी आणि ग्रीन यांनी मिळून सैल केली. ती पण जुन्या संसदेत, जिथं एफडीपीचे खासदार अजून बसलेले होते. त्यांनी विरोधात मतं टाकली आणि आठवड्यात घरी गेले. ज्या मुद्द्यावर जीव दिला तो मुद्दाच मागं राहिला नाही. मला वाटतं हरण्यापेक्षा हे जास्त वाईट.

---

औरंगपुऱ्याचा_पोऱ्या

जर्मनीचं कशाला राव, घरचं बघा ना. काँग्रेस. जून २०२४ ला लोकसभेत मराठवाड्यातल्या ८ पैकी ३ जागा, जालना लातूर नांदेड, आणि नोव्हेंबरला विधानसभेत ४६ पैकी फक्त लातूर शहर. सहा महिने पण झाले नव्हते. राज्यात सगळ्या मिळून १६. त्यांना तर ५ टक्क्यांची अट पण नव्हती 

---

तासिका_मास्तर

@पोऱ्या आकडे बरोबर, पण काँग्रेसला एफडीपीच्या रांगेत बसवू नको. काँग्रेस ही मधली आहे ती सगळ्यांना पोटात घेते म्हणून. तिच्यात समाजवादी पण होते, साखर कारखानदार पण आणि गांधीवादी पण. एफडीपी मधली आहे ती एका विचारामुळं. एक धर्मशाळा, एक छोटं दुकान. धर्मशाळा पडते तेव्हा भिंती तरी उरतात, माणसं परत येऊन राहतात. दुकानातला माल जुना झाला की शटर पडतं.

---

औरंगपुऱ्याचा_पोऱ्या

सर धर्मशाळेतली माणसं समोरच्या लॉजमध्ये गेली आणि तिथंच परमनंट झाली, त्याचं काय

---

नांदेडची_लेक

हान्सदादा, मी श्टुटगार्टला नऊ वर्षं आहे, सॉफ्टवेअरमध्ये. इथलं जे डोळ्यांनी बघितलं ते सांगते, सरांसारखं पुस्तकी नाही जमणार.

आमच्या घरमालकांचा छोटा कारखाना आहे, बारा माणसं, मशिनचे सुटे भाग बनवतात. म्हातारबाबा आयुष्यभर पिवळ्यांना मत देत आले. इकडं दोन मतं असतात, पहिलं आपल्या भागातल्या उमेदवाराला आणि दुसरं पक्षाला, आणि संसदेत कुणाची किती माणसं हे दुसऱ्या मतावर ठरतं. तर कितीतरी सीडीयूवाले पहिलं मत आपल्या माणसाला द्यायचे आणि दुसरं एफडीपीला, का तर जोडीदार ५ च्या वर राहावा म्हणून. याला इथं शब्दच आहे, लाइश्टिमं, सरळ मराठीत उसनं मत. यावेळी सीडीयूनं उघड सांगितलं की आमच्याकडून उसनं मिळणार नाही, आम्हालाच पुरत नाहीये. म्हणजे शेजारणीनं साखरेची वाटी द्यायची बंद केली तेव्हा कळलं की घरात साखर नव्हतीच कधी. बाबांनी पण यावेळी दोन्ही मतं सीडीयूला दिली. मला म्हणाले की फुकट घालवायला माझ्याकडं मत नाही.

आणि पोरं. आमच्या टीममध्ये एक शिकाऊ मुलगा आहे, २०२१ ला त्याच्या मोठ्या बहिणीनं एफडीपीला दिलं होतं, कारण कोरोनात सगळं बंद होतं आणि हे म्हणायचे की उघडा, आणि शाळेत फॅक्स कशाला, कॉम्प्युटर आणा. यानं दिलं डाव्या लिंक पक्षाला. मी विचारलं का, तर म्हणाला भाडं. बस एवढंच. माझ्या पगारात खोली मिळत नाही आणि पिवळे म्हणतात बाजार बघून घेईल. अठरा ते चोवीसच्या पोरांत यावेळी लिंक एक नंबरला आणि कट्टर उजवी एएफडी दोन नंबरला, मधलं सगळं धुतलं गेलं.

मला स्वतःला वाईट वाटलं. मत देता येत नाही अजून, पण आमच्यासारख्या बाहेरून कामाला आलेल्यांना आडकाठी करू नका, कागदं पटापट करा, हे ते लोक म्हणायचे. एएफडी २०.८ वर गेलीये, तेव्हा असं म्हणणारा प्रत्येक पक्ष आम्हाला मोजून लागतो. तू येशील तेव्हा कळंल.

---

बिल्लेवाला (वसमत)

लेकरा जालन्याच्या, वडलांनी मृदंग सांगितला ते बरुबर हाय पर अर्धंच हाय. म्या सांगतो उरलेलं.

आमच्याकडं असा पक्ष व्हता. टिकला न्हाई ती येगळी गोष्ट, पर व्हता. शरद जोशींची शेतकरी संघटना. १९८४ ला परभणीला अधिवेशन झालं तवा म्या तेवीस वर्साचा, टरकात उभं राहून गेलो, भाकरी फडक्यात बांधलेल्या. छातीवर लाल बिल्ला. घोषणा काय तर भीक नको, हवे घामाचे दाम. आता तुमी म्हनता ना सरकारनं हात घालू नये, ते आमाला त्या शब्दात म्हाईत नव्हतं, आमाला कापूस म्हाईत व्हता. एकाधिकार खरेदी म्हंजे कापूस सरकारलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा न्हाई, भाव त्येंचा, वजन त्येंचं, चुकारा त्येंच्या मर्जीनं. कापूस माझा, बैलगाडी माझी, आन सीमेवर पोलीस. ८६ च्या डिसेंबरात आमच्या इकडं सुरेगावला कापसाच्या आंदोलनात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. तवा हिंगोली जिल्हा बी झाला नव्हता, परभणीतच व्हतं सगळं. तर उदारमतवाद का काय ते आमाला कुन्या पुस्तकानं न्हाई शिकवलं.

आता मुद्द्याचं. ९४ ला पक्ष काढला, स्वतंत्र भारत पक्ष. म्या आमच्या गटात घरोघर फिरलो. एक मानूस, नाव घेत न्हाई, रस्ता रोकोला माझ्याबरुबर चार रात्री कोठडीत झोपलेला. त्येच्या वसरीवर बसलो, चहा झाला, म्या म्हनलं आता मत. त्यो खाली बघून म्हनला, "बिल्ला तुमचा, मत भावकीचं." त्येच्या चुलत्याला दुसऱ्या पक्षानं तिकीट दिल्यालं. त्येचं बी काय चुकलं? उद्या सोसायटीचं कर्ज, पोराची नोकरी, बांधाचं भांडन, समदं चुलत्याच्या हातात. आमच्या हातात काय, विचार. लाखाची सभा व्हायची आन मतपेटी उघडली की आमी एकमेकाच्या तोंडाकडं बघायचो. आमदार निवडून आले ते बोटावर मोजायचे, शेवटी २००४ ला वामनराव चटप आले, ते बी राजुऱ्यातून, विदर्भात. जोशीसाहेब राज्यसभेत गेले २००४ ते २०१०, तिथं बी २०१० ला महिला आरक्षनाच्या बिलाला १८६ विरुद्ध १, त्यो एक म्हंजे आमचे साहेब. बाया म्हनल्या ज्यानं लक्ष्मीमुक्ती काढून नवऱ्याची जमीन आमच्या नावावर करायला लावली त्योच आता आमच्या इरोधात कसा? साहेबाचं म्हननं असं की चिठ्ठी टाकून मतदारसंघ फिरवत राहिलं तर कुनीच कामाला जबाबदार राहनार न्हाई. बरुबर असंल. पर गावात हे समजून सांगायला म्या किती दिवस फिरलो मलाच ठावं. असा पक्ष म्हंजे दर वेळी समजून सांगत बसायचं. दुसरे नुसतं रंग दाखवत्यात.

आन कर्जाच्या ब्रेकचं वाचून हसू आलं. आमच्या इथं असं म्हननाऱ्याला गावात येऊ देनार न्हाईत. आमी बी कर्जमाफी मागत न्हवतो, कर्जमुक्ती मागत व्हतो, माफी गुन्हेगाराला अस्ती. पर ह्यो फरक बी समजूनच सांगावा लागतो.

---

तासिका_मास्तर

काका, दंडवत. एक कायद्याची भर घालतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली पक्षाची नोंदणी करायची तर समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणजे समाजवाद नको म्हणणाऱ्या पक्षानं पहिल्याच कागदावर समाजवादाची शपथ घ्यायची. राजाजींचा जुना स्वतंत्र पक्ष १९५९ चा, तेव्हा ही अट नव्हती. त्यांनी १९६७ ला ४४ खासदार आणले होते, १९७१ ला ८ राहिले आणि १९७४ ला पक्ष चरणसिंगांच्या लोकदलात विरघळला. १५ वर्षांत जन्म, लग्न, तेरावं. वर संस्थानिक आणि मोठी नावं, खाली बूथवर बसायला माणूस नाही.

---

माजी_इच्छुक (सिडको, संभाजीनगर)

सगळे वरून बघताय, मी खालून सांगतो. २०१५ ला महापालिकेला उभा होतो, पक्षाचं नाव सोडा, पडलो. पडल्यावर वाटलं पाच वर्षं वॉर्डात काम करू, २०२० ला परत. आपल्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० ला संपली. आज २०२५ चा मार्च संपत आला, अजून प्रशासक. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या मार्च २०२२ पासून तशाच. म्हणजे मी पाच अधिक पाच, दहा वर्षं इच्छुक. फ्लेक्सवरचा माझा फोटो पण आता माझ्यासारखा दिसत नाही, बायको म्हणते नवा काढा, मी म्हणतो निवडणूक लागू दे मग काढू.

हे रडगाणं कशासाठी, तर ब्रिटनचे लिब डेम, म्हणजे तिकडचा मधला लिबरल डेमोक्रॅट पक्ष, बघा. २०१० ला ५७ खासदार, फी वाढवणार नाही असं विद्यार्थ्यांना लिहून दिलं, सरकारात गेले आणि फीची मर्यादा ९००० पौंडांवर नेणाऱ्या बाजूनं बसले. २०१५ ला ८. आठ! सगळ्यांनी श्राद्ध घातलं. २०१९ ला मतं साडेअकरा टक्के, जागा ११, त्यांची नेता जो स्विन्सन स्वतः १४९ मतांनी पडली. आणि २०२४ ला मतं १२.२ टक्के, जागा ७२. परत वाचा. मतं एक टक्का पण वाढली नाहीत आणि जागा ११ च्या ७२. का? तर हुजूरवाले आपल्या कर्मानं पडत होते हे खरंच, पण हे लोक सगळीकडं लढायच्या फंदात पडले नाहीत, जिथं त्यांचे नगरसेवक वर्षानुवर्षं दारात जात होते तिथंच जीव लावला. ५० वर्षांपासून त्यांचं एक पत्रक निघतं, फोकस म्हणून, घराघरात टाकतात, त्यात विचारधारा नाही काही, रस्त्यातला खड्डा, बंद दिवा, कचऱ्याची गाडी. त्यांचा नेता एड डेव्ही प्रचारात तळ्यात पडायचा, बंजी उडी मारायचा, लोक हसायचे, पण दारात माणूस उभा होता.

मधल्या पक्षाला जात नाही, कारखाना नाही, बँक नाही, देव नाही. त्याच्याकडं वॉर्ड असतो फक्त. आणि आमच्याकडं ती पहिली पायरीच पाच वर्षं काढून ठेवलीय. मग पुढं कोण येणार, ज्याच्याकडं वॉर्ड सोडून बाकी सगळं आहे तोच ना.

---

बिल्लेवाला

सायेब तुमचं म्हननं पटतं, आन पटत बी न्हाई. गटार उपसून निवडून येता येतं, मंग आल्यावर काय? त्या इंग्रजानं फीवर अंग टाकलं ते कामून? गटाराचा इचार व्हता, फीचा नव्हता म्हनून.

---

माजी_इच्छुक

काका, आणि तुमच्याकडं विचार होता, चार रात्री कोठडी होती, तरी मत भावकीलाच गेलं ना. जर्मनवाल्यांचं पण तेच. विचार पक्का, दारात कोणी नाही.

---

बिल्लेवाला

ह्ये खरं हाय. ह्येला उत्तर न्हाई माझ्याकडं.

---

औरंगपुऱ्याचा_पोऱ्या

म्हणजे विचारवाले वसमतला आणि वॉर्डवाले सिडकोत, मध्ये कितीतरी तालुके. भेटा कधीतरी लोकहो

---

जालन्याचा_हान्स

सगळ्यांचे आभार, एवढं मिळंल असं वाटलं नव्हतं. काकांची गोष्ट वडलांना वाचून दाखवली, ते म्हणाले आपल्या पण घरात एक बिल्ला होता, आजोबांचा, पत्र्याच्या डब्यात, घर बांधताना गेला कुठंतरी. मला हे आज कळलं.

ताई, एक सांगा, तिकडं यायचं माझं सगळं जमलं तर साधारण पुढच्या वर्षी. तोवर पिवळे असतील का?

---

नांदेडची_लेक

आमच्या राज्याची विधानसभा निवडणूक पुढच्या मार्चमध्येच, २०२६ ला आहे. बाडेन-वुर्टेंबर्ग हा त्यांचा बालेकिल्ला, २०२१ पर्यंतच्या कुठल्याच निवडणुकीत ते इथल्या विधिमंडळातून बाहेर गेलेले नाहीत, २०२१ ला साडेदहा टक्के होते. इथं पडले तर सरांचं शटरवालं वाक्य खरं. दर खांबावर पिवळे-गुलाबी बोर्ड लागतील, तेवढे वाचता आले की तुझं बी-१ झालं समज. आणि आम्पेल स्त्रीलिंगी आहे, दी आम्पेल, परीक्षेत चुकू नको.

---

बिल्लेवाला

लेकरा, जाताना वसमतवरून जा. माझ्याकडं दोन बिल्ले हायेत, एक तुला देतो. कोटावर लाव तिकडं.

---

नांदेडची_लेक

काका, इकडं लाल म्हणजे समाजवादी समजतात हो!

---

बिल्लेवाला

मंग राहू दे पेटीतच.